हाताचा गुण

कुओपिओ, फेब्रुवारी. सकाळचे साडेसात, बाहेर अजून रात्रच.
तळं इतकं गोठलंय की त्यावरून गाड्या जातात.
इस्पितळाच्या तळघरात मी सेन्सर बांधते मनगटांना,
डाव्याला निळा, उजव्याला पांढरा,
आणि बुबुळ कुठे थांबतं, किती वेळ,
ते यंत्राला टिपायला लावते.
एवढंच माझं काम.
सरावाची शीर कोंबडीच्या मांडीतली,
शेवईएवढी. टाके आठ.

यालो किन्नुनेन, तिसरं वर्ष.
पडद्यावर त्याची रेघ
मांजराने लोकर विस्कटल्यासारखी:
तिळाएवढ्या शिवणीसाठी
हात चौदा मीटर फिरलाय.
आणि नजर सुईच्या मागे मागे,
बाजारात आईचा पदर धरलेल्या पोरासारखी.

केर्त्तू हारमाला सुईकडे बघतच नाही.
तिची नजर आधीच जाऊन बसते
जिथे सुई येणार आहे तिथे,
दार उघडून.
हात मागून येतो, सावकाश, ठरल्यासारखा.
चार मीटर दहा.

एकतीस वर्षं लोक म्हणत आले,
हिच्या हाताला गुण आहे.
एक सुतार अजून दर नाताळात कलाकुक्को पाठवतो,
राईच्या भाकरीत भाजलेले मासे,
पाठवतो म्हणजे
तिने जोडलेल्या अंगठ्याने स्वतः पीठ मळून.
कसला गुण, ते कुणी विचारलं नव्हतं.
आता विद्यापीठ विचारतं. शंभरपैकी.

चौऱ्याण्णव, त्र्याण्णव, पंच्याण्णव.
जानेवारीत एक्याण्णव.
मग अठ्ठ्याऐंशी.
मी रेघ मोठी करून पाहिली.
सहाव्या टाक्यापाशी तिला बारीक दातेरी काठ,
करवतीसारखा नाही,
पोस्टाच्या तिकिटासारखा.
सेकंदाला पाच हेलकावे.
शेजारी उभ्या परिचारिकेलाही कळले नसते.

दोन दिवस ती फाइल मी उघडली, मिटली.
सेन्सर बदलला. पट्टा सैल असेल.
माझ्याच मनगटाला बांधून पाहिला:
माझी रेघ वेडीवाकडी होती, गबाळी होती,
दातेरी नव्हती.

गुरुवारी ती खाली आली, बुटांवरचा बर्फ वितळत होता.
दाखव, म्हणाली.
पट्टा सैल होता बहुतेक, मी म्हटलं.
दाखव ना.

रेघ पहिल्यापासून चालू केली.
पडद्याखालचा कॅमेरा मी विसरलेच,
तो तिचे डोळे टिपत होता.
रेघ दुसऱ्या टाक्यावर होती,
मग तिसऱ्या,
आणि तिची नजर केव्हाच जाऊन बसली होती
सहाव्यावर,
दार उघडून.

किती दिवस, मी विचारलं नाही.
ती म्हणाली, मंगळवारच्या यादीतून माझं नाव काढ.
मग म्हणाली, कॉफी आहे का?
कप दोन्ही हातांनी धरला.
थंडीत सगळेच धरतात.

यालो आला. ती त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसली
आणि तासभर एकच बोलत राहिली:
सुईला सोड. ती कुठे जात नाही.
तू पुढे जा.

अकरा मीटर सत्तर.
मी आकडा लिहून घेतला.
सहाव्या टाक्यावर थांबलेल्या त्या नजरेची फाइल
अजून नाव न देता
टेबलावरच ठेवलीय.