तेज_फायनल_३

भांडुप, कोकण नगर, जिन्याखालचं दुकान.
दोन मॉनिटर आणि एक पंखा, तोही माझ्याकडे पाठ करून
प्रिंटरला वारा घालणारा.
इथे बसून मी उजेड तयार करते.

वाढदिवसाचा उजेड केशरी, दाट,
दादांच्या गॉगलमागून फुटणारा.
(निवडणुकीत पडलेल्या दादांना जरा जास्तच लागतो.)
दहीहंडीचा निळा-जांभळा.
श्रद्धांजलीचा पिवळट, डोक्यामागे गोल.
तो मी करूनच ठेवलाय एका फाइलमध्ये,
नाव: तेज_फायनल_३.

कृती सोपी आहे.
नवा लेयर घ्यायचा, काळ्याने भरायचा,
मोठा मऊ ब्रश मधोमध एकदाच टेकवायचा,
मग मोड बदलायचा, स्क्रीन.
काळं सगळं निघून जातं.
कुठे जातं, मी कधी विचारलं नाही.
उरतो नुसता उजेड, खालच्या चेहऱ्यावर सांडलेला.
त्याचीच एक प्रत काढून ब्लर केली
की माणसाचा देव होतो. साडेचार मिनिटं.
मुनाफभाईंच्या मते तीनमध्ये व्हायला हवा.

काल शिगवण आले, पासबुकवरचा फोटो घेऊन.
बँकेचा अर्धा शिक्का हनुवटीवर.
"मंडळी," एवढंच म्हणाले.
रविवारी कार्य. तीन बाय दोन. चाळीच्या तोंडाशी लावायचा.

शिक्का काढला, कपाळ नीट केलं,
नाकावरचा एक डाग पुसला,
आणि तेज_फायनल_३ ओढून आणलं मागे.
ते खुर्ची पुढे घेऊन बघत राहिले.
"कमी करा."
ऐंशी टक्के केलं. "अजून."
पन्नास. तीस.
बारावर थांबले मी. म्हटलं काका,
याच्या खाली छापल्यावर दिसायचंच नाही.
तर म्हणाले, "हिला बत्ती नको असायची."

मग बोलत गेले, माझ्याशी नाही, मॉनिटरशी.
दूध केंद्रावर एकतीस वर्षं.
साडेतीनला घर सोडायचं.
खोली एक, पोरं तीन, शिवाय भावाचा मुलगा शिकायला.
ट्यूब लावली तर सगळी उठतील
म्हणून ही गॅसच्या उजेडात भाकऱ्या थापायची.
"तिचं तोंड मी तसंच बघितलंय. खालून निळं.
दिवसा मी झोपलेला.
रिटायर झालो, तर ती पोरीकडे, बाळंतपणाला."
थोडं थांबून,
"नाकात चमकी होती. ती कुठे गेली?"

मी हिस्टरीत मागे गेले,
एकेक पायरी उतरत,
डाग पुसायच्या आधीपर्यंत.
होती चमकी.

तेज मिटवलं. नवा लेयर, काळा.
या वेळी ब्रश चेहऱ्यामागे नाही, चौकटीच्याही खाली,
जिथे फोटो संपतो आणि ओटा असणार.
निळा, पण दहीहंडीतला नाही.
गॅसच्या निळ्याला टोकाशी किंचित पिवळं असतं,
ते मला पहिल्यांदाच आठवावं लागलं.
मोड कलर डॉज. सहा टक्के.
काहीच झालं नाही.
पुन्हा सहा. पुन्हा.
हनुवटीची कड आली. ओठाखालची सावली
उलटी होऊन वर गेली.
मग चमकीने उजेड धरला, एवढासा, सुईच्या टोकाइतका,
आणि शिगवण उठून उभे राहिले,
निघायची वेळ झाल्यासारखे.

मुनाफभाई वाकून बघत म्हणाले,
"ये तो डार्क आयेगा. ब्राइट कर."
"असंच," शिगवण म्हणाले.

सहा चौरस फुटांचं बिल झालं.
त्यांनी विचारलं, उजेड कमी, तर पैसे कमी का?
नाही काका, म्हटलं, उजेडाचे आम्ही लावत नाही.
हसले. सुट्टे मोजून दिले.

एक तास पन्नास मिनिटं गेली होती,
बाहेर दादांचे कार्यकर्ते खोळंबलेले.
फाइल सेव्ह करायची तर नाव सुचेना.
वेळ लिहिली.
पहाटे_३_१०.
फायनल नाही लिहिलं.