बोटीचा पंखा

कूलरचा असेल म्हणून मी हात पुढे केला,
तर टॉवेलातून निघाली पितळी तीन पाती.
जगनाथ बुधवारीत, समुद्रापासून इतक्या लांब,
गुंड, गंज, कोपर, आणि मधे हा.

"काहून आणला माह्याकडं? बाबा गेल्यापासून
मी फक्त गुंडांची बुडं बसवतो."
हरिश्चंद्र नान्हे म्हणाला,
"नवा महिन्यानं येईल म्हंते. बोट उभी हाये ना, ताई."

एक पातं मुडपलेलं, कान धरून पिळल्यासारखं.
दुसऱ्याचं टोकच गेलेलं.
दगडावर?
"गतिरोधकावर."

त्या रात्री तलाव भिंत ओलांडून गावात आला
आणि त्याच्या मागोमाग ह्याची बोट.
डावीकडे वळू नका, असं पाटीवर होतं. तो वळला.
सतरा खेपा, बँकेच्या जिन्यापर्यंत:
एक ड्रॉइंग मास्तर, पिंजऱ्यासकट पोपट,
ओल्या गादीला बिलगलेली दोन भावंडं.
अठराव्या खेपेला शाळेसमोर
पाण्याखालचे पांढरे-पिवळे पट्टे.
कोणासाठी चालला होतास, हे मी विचारलं नाही.
तो भट्टीकडे पाहत होता.

पितळ लाल व्हावं, पण उजेडात दिसेल इतकं नको.
बाबा दार लोटून घ्यायचे. मीही लोटलं.
मग लाकडी मोगरी, हळू.
शाबूत पात्याचा पीळ साडीच्या खोक्यावर कापून घेतला,
वाकड्याला लावला; फटीतून उजेड आला
की तिथं अजून एक ठोका.
गुंडाला पोट द्यायचं, पाणी राहावं म्हणून.
ह्याला पाठ द्यायची, पाणी मागं सरावं म्हणून.
माझा हात सवयीनं दोनदा पोटाकडेच वळला.

टोकाला जुन्या घंगाळाची कडी तापवून, ठोकून,
पक्का डाख दिला.

दोन सुऱ्या समांतर, मधे सळई, सळईत पंखा.
सोडला की एकच पातं खाली.
कानस.
पुन्हा तेच खाली.
कानस. शेजारच्यांनी शटर ओढलं.
"येच कसं येते बे खाली," तो स्वतःशीच म्हणाला.
जड आहे ते.

साडेनऊला सोडला आणि तिथंच थांबला.
फिरवून सोडला, तर तिथंही.
वर कोणतंही असो, खाली कोणतंही.

तेव्हा तो म्हणाला,
"दुसऱ्या बोटीनं आणलं तिले. पहाटे."
एवढंच.
मी चिमटा पाण्यात घातला, चर्र झालं.

पैसे कडीचे घेतले.
त्यानं पंखा टॉवेलात गुंडाळला,
दारात थांबून पुन्हा सोडला, बोटानं फिरवून पाहिला,
मग लुनाच्या हँडलला अडकवला.

"सावकाश जा जी," मी म्हटलं.
"अंबाझरीपर्यंत लई गतिरोधक हायेत."