कोणता बुधवार

सेरवा, लेबल वाचू नकोस.
लेबल छापणारी तीन दुकानं आहेत इथे अडुममध्ये,
त्यातलं एक माझ्या मेहुण्याचं.
सातशे पन्नास म्हण, हजार म्हण,
सोनेरी शिक्क्यासकट देईल छापून
दुपारच्या जेवणाआधी.

वजन बघा, असं मी वीस वर्षं सांगत आलो.
तांबं जड, गाभा जड, खोटं हलकं.
मग एकाने जळका पॉवर सप्लाय परत आणला.
चार स्क्रू काढले.
आत बोटभर तांब्याशेजारी
सिमेंटचा गोळा,
नीट, प्रेमाने म्हणावं असा, चिकटवलेला.
सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं नाही, म्हणतात.
वजनाचंही येतं, बाई.
तो गोळा ठेवलाय मी. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून.
त्या कामाला चोख आहे.

तुझं यंत्र मला माहीत आहे.
गारीच्या पोत्यांमागे, ओट्याखाली,
दोन डिस्क, एक घरघरणारा पंखा.
साठ वॅट खातं ते, जुन्या बल्बाएवढं.
हजाराचा घेऊन काय करशील?
इथे उलटं असतं:
पाय बघून अंथरूण घ्यायचं.

पण त्या दोन डिस्कवर तुझ्या आईच्या एक्केचाळीस वह्या.
दाई कम्फर्टच्या हातची रेघ न् रेघ,
ओफिन्सोपासून इथवर जन्मलेलं प्रत्येक पोर,
कुणाचं, कधी, पायाळू की सरळ,
दाईला काय मिळालं: एक कोंबडी, अर्धी कोंबडी,
काही नाही.

म्हणून हा घे.
दिसायला राखाडी, नावही धड वाचता येत नाही.
आतला हा काळा डबा बघ, अंगठ्याएवढा.
वीज गेली की सगळे आधी ओरडतात.
हा ओरडत नाही. पोटातलं पुरवून पुरवून देतो,
सेकंदाचे हजार तुकडे केले तर त्यातले सोळा.
बॅटरीला जागं व्हायला दहा लागतात.
नाळ कापल्यापासून पहिल्या टाहोपर्यंत
तुझी आई काय करायची,
ते तुला मी सांगायला नको.

सूट नाही. मागू नकोस.

*

गुरुवारी स्वतः गेलो बसवायला.
दारात एक म्हातारा बसलेला, टोपी गुडघ्यावर,
ट्रोट्रो चालवायचा म्हणे, आता पेन्शनचे कागद.
नाव क्वाकू. म्हणजे बुधवार.
आमच्याकडे नावातून वार कळतो,
तारीख कळत नाही.
"कोको वाळत घातला होता," तो म्हणाला,
"आई एवढंच सांगायची."
खिडकीतल्या बाईने त्याला विचारलं होतं,
कोणता बुधवार?

सेरवाने त्याच्या आईचं नाव टाकलं.
पडद्यावर पानं सरकू लागली, एकोणसाठ, साठ,
आणि डुम.

गल्ली ओरडली.
शेजारचा फ्रीज हुंदका देऊन थांबला,
चर्चमधला माइक शब्दाच्या मध्यावर गेला.
मी हात चौकटीवर ठेवला, उगाच.
मी विकलेली वस्तू होती, तरी घशाला कोरड.
सोळा.
त्यात माझा एक श्वासही झाला नाही.

पंखा घरघरतच होता.
काळोखात एक चौकोन उजेड,
त्यात दाई कम्फर्टचं तिरपं अक्षर:
पंधरा नोव्हेंबर, एकसष्ट. पहाटे. सरळ.
कोंबडी नंतर देतो म्हणाले.

म्हातारा वाकून बघत राहिला.
मग म्हणाला, "दिली का?"
सेरवाने खाली बघितलं. पुढे काही नोंद नव्हती.
"उद्या आणतो," तो म्हणाला,
आणि टोपी घालून
अंधारात चाचपडत पायऱ्या उतरला.

मी स्क्रू डबीत भरले.
माझं नाव कोजो. सोमवार.
आईचं नाव ओठांवर आलं होतं,
पण बॅटरीत वीसच मिनिटं उरली होती,
म्हटलं, यंत्र बंद कर आता,
दिवे आल्यावर बघू.