आडवी मांजरं

डोळ्यांच्या बाई म्हणाल्या, मिस्टर दाबके,
यापुढे रात्री गाडी नको.
तू हसून घेतलंस: नावच दिनकर, म्हणजे आलंच.
आणि किल्ली माझ्या पर्समध्ये टाकलीस
न बघता, चिल्लर टाकतात तशी.

स्कारबरोहून व्हिटबी, वीसेक मैल.
दिवसा शंभरदा केलेला रस्ता.
दिवेलागण उलटली की तोच
उसने पैसे नेलेल्या माणसासारखा
ओळख दाखवत नाही.

निघण्याआधी काच पुसली, आतूनही.
पट्टे ओढून बघितले, तुझा आणि माझा.
आरशाची खुट्टी खाली केली,
मागच्याचा उजेड नाकावर येऊन बसू नये म्हणून.
मग मूरचा माळ: घर नाही, झाड नाही,
काळं हेदर आणि धुक्याच्या चिंध्या.

वळणावरून समोरचा येतो डोळे वटारून.
मी दिवे खाली करते.
तोही करतो. जरा उशिरा, पण करतो.
ओळख ना पाळख,
एकमेकांपुढे नजर झुकवून
आम्ही आपापल्या अंधारात जातो.
एखादा करतच नाही.
तेव्हा त्याच्याकडे बघायचं नाही,
डावीकडची पांढरी रेघ धरायची,
वीज गेल्यावर भिंत धरतात तशी.

आणि मधोमध ती, डांबरात पुरलेली काचेची बुबुळं.
इथे त्यांना मांजराचे डोळेच म्हणतात.
आपल्याकडे एक मांजर आडवं गेलं की
नानाकाका सात पावलं मागे यायचे.
इथे हजार मांजरं रस्त्यात निजलेली
आणि त्यांच्याच भरवशावर घर गाठायचं.
माझ्या दिव्यांनी उघडतात,
मी गेले की मिटतात.
चकवा म्हणतात तो याच्या उलट असणार.

चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही.
जेवढं दिसतंय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे,
बाकीचं पुस्तकात आहे,
असं शिकवणारी ग्लेनिस म्हणायची.
मागची व्हॅन चिकटली, चिडली, पुढे गेली.
जाऊ दे. तिची घाई तिच्यापाशी.

मग मेंढी.
डांबर अजून कोमट, त्यावर ऐसपैस,
रवंथ करत.

ब्रेक.

पिशवीतली औषधं पायाशी घरंगळली.
तिच्यात आणि बंपरमध्ये दोन हात.
ती उठली, जशी पाहुणी उठते,
अजून थोडं बसता आलं असतं अशी.
मला वाटलं आता बोलशील:
गिअर, क्लच, सांगितलं होतं ना,
तीस वर्षांचं सगळं.
तू गप्प.

घरासमोर इंजिन बंद केल्यावर विचारलंस,
पोचलो?
डोळे मिटलेलेच.
कधीपासून रे?
स्कारबरोपासून.
समोरच्या दिव्यांचे काटे होतात म्हणून,
की आणखी कशासाठी, मी विचारलं नाही.
तू ब्रेकचं विचारलं नाहीस,
मी मेंढीचं सांगितलं नाही.

सकाळी खिडकीतून पाहिलं:
थंडीत उकिडवा बसून
जुन्या बनियनने
गाडीचे दिवे पुसत होतास.
डावा झाला होता.
उजव्यावर एक किडा वाळून बसलेला,
त्याला नखाने, हलकेच.