उत्तेजनार्थ

आठवडाभर मी माणसांना एवढंच सांगतो:
श्वास घ्या. धरून ठेवा. हलू नका.
सोडा.
सरकारी दवाखाना, अंबाजोगाई, खोली नंबर अकरा.
छातीचे, गुडघ्याचे,
कुण्या पोरानं गिळलेल्या नाण्याचे,
असे माझे फोटो. खाली सही डॉक्टरांची.

रविवार माझा.
लातूरहून हप्त्यावर आणलेली जुनी लेन्स,
तिच्या आत बुरशीचा एक धागा.
दुकानदार म्हणाला, फोटोत येत नाही.
येतो.

सुरुवातीला हत्तीखान्यात जायचो.
दगडी हत्ती हा माझा पहिला शहाणा पेशंट.
हलू नका म्हटलं आणि तो हलला नाही.
सकाळी ऊन तिरपं येतं तेव्हा
त्याच्या पाठीवरचे छिन्नीचे घाव
फासळ्यांसारखे मोजता येतात.
मोजले. तीनशे फोटो काढले.
बायको म्हणाली, छान आहेत,
पण हा सगळा एकच हत्ती ना?
आणि आमच्या शेवंताच्या लग्नात
तुमच्या हातून नेमकी वरमाला हलली.

मग माळ.
केजच्या रस्त्याला, चंदनसावरगाव सोडलं की डावीकडं,
मुरूम, कुसळं, तरवड.
चैत्रात तिथं पखुर्डी बसते, असं कुणीसं बोललेलं.
पाच रविवार पोटावर पडून राहिलो.
टिटवीनं शिव्या दिल्या.
कोपराला मुंगळा डसला.
एक म्हातारा सायकल थांबवून विचारून गेला,
मोजणीला आलाव का? रस्ता कुणाच्या रानातून जातोय?

सहाव्या रविवारी धुरपता आली, शेरडं घेऊन.
"कामून लोळू लालाव, सायेब?"
पखुर्डी, म्हणालो.
तिनं काठी उचलली नाही. नुसती हनुवटी.
"ती काय. तुमच्यापसून धा हात.
तीन अंडी हायती.
म्या रोज वळसा घालून शेरडं नेते."

मी पाहिलं. माती.
पुन्हा पाहिलं. माती, खडे, माती,
मग मातीला डोळा.

मनगटातली केसाएवढी चीर मला दिसते,
डॉक्टरांच्या आधी दिसते,
बोलत नाही, नुसतं बोट ठेवतो.
आणि इथं दहा हातांवर एक अख्खा जीव
अंड्यांवर सावली धरून
सकाळपासून मला बघत होता.
श्वास घेतला. धरला.
एकच फोटो. सोडला.
दुसरा काढायला गेलो असतो तर ती उठली असती,
आणि ऊन अंड्यांवर.

बीडच्या प्रदर्शनाला पाठवला. विभाग: निसर्ग.
परीक्षकांनी तो उचलून कलात्मक विभागात ठेवला.
पोत उत्तम, असं पत्रात होतं,
रिकामपण बोलकं.
नाव मी दिलंच नव्हतं, ते त्यांनी दिलं: निर्जन.
उत्तेजनार्थ, दोनशे एक्कावन्न रुपये,
प्रमाणपत्रावर माझ्या आडनावाची वेलांटी चुकलेली.
माईक जवळच होता. सांगणार होतो.
मग दिसल्या बाहेर उभ्या गाड्या,
हातभर लांब लेन्सा,
सगळे विचारतील, कुठं? नेमकं कुठं?
नमस्कार केला, खाली उतरलो.

आता तो फोटो खोली अकराच्या बाहेर आहे,
'गरोदर असल्यास आधी सांगा' या पाटीशेजारी.
लोक दुखरा हात मांडीवर घेऊन
त्याच्याकडं बघत बसतात,
दुसरं बघायला काही नसतं म्हणून.
परवा घाटनांदूरची एक मुलगी, आठेक वर्षांची,
कोपर सुजलेलं.
म्हटलं, हलू नकोस हं.
ती म्हणाली, ते भाईरचं पाखरू बी हलंना.

वर्षभरात ही चौथी.
धुरपताला मी मोजत नाही.
तिला एक प्रत नेऊन दिली होती,
पदरानं पुसून तिनं लांब धरली, जवळ धरली,
पाखरू तर तिला लगेच दिसलं.
मग म्हणाली, "आन् माजा वळसा?
शेरडांची वाट कामून दिसंना हितं?"

होती. डाव्या कडेला, कोयत्यासारखी वाकडी.
मीच कापली होती.