वाइनोचा पासवर्ड

आमच्या गावाचं वर्तमानपत्र
एक मेलेला माणूस विकत घ्यायचा
आणि आम्ही सगळे वाचायचो.

वाइनो लाहटी.
लेक सुपीरियरच्या या काठावरच्या
तांब्याच्या खाणीतला शेवटचा पंपवाला.
महिन्याला सहा डॉलर त्याच्या कार्डावरून आपोआप जायचे.
तो गेल्यावरही जात राहिले,
मुलगी दूर, वाळवंटाच्या गावी,
आणि बँकेला कोणी कळवलं नाही.

पासवर्ड त्यानंच दिला होता मला,
माझ्या दुकानात, खिळ्यांच्या पावतीमागे लिहून:
मुस्ती१९५८.
मुस्ती म्हणजे त्याची पहिली कुत्री.
"रस्त्यावरचा बर्फ कधी काढणार, तेवढं बघत जा," म्हणाला,
"बाकीचं तुला माझ्याकडून कळतंच."

मी तो ऐलीला दिला.
ऐलीनं चर्चमधल्या कॉफीबरोबर वाटला.
तिथून शाळेच्या बसवाल्याकडे, न्हाव्याकडे,
न्हाव्याच्या सासूकडे.
फुकटाला पाय लवकर फुटतात.

वाद व्हायचे, नाही असं नाही.
ओर्व्हो म्हणायचा,
माझ्याच शेजाऱ्याच्या मरणाची बातमी वाचायला
मी पैसे का मोजू?
ओर्व्होची पेन्शन मला ठाऊक आहे,
त्याच्या शेगडीच्या तेलाची उधारी माझ्याच वहीत आहे.
त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
आणि असतं काय त्या पानांत?
हरवलेलं मांजर. कोर्टाची यादी.
सरोवरावरच्या बर्फाची जाडी, इंचांत.
नळाच्या पाण्यात शिसं किती त्याचा तक्ता,
जो आम्ही कोणीच शेवटपर्यंत वाचला नाही.

टॅमसिन पेनहेल, एकटीच बातमीदार.
टाउनशिपच्या सभेत मागच्या ओळीत बसते,
ओले बूट रेडिएटरला टेकवून.
पाच जण बोलतात, ती लिहिते.
ती असली की अध्यक्ष घसा खाकरून
आकडे सावकाश वाचतो.
फेब्रुवारीत तिची गाडी बंद पडली,
दोन सभा तिच्याविना झाल्या.
दुसरी अकरा मिनिटांत आटोपली.
त्या अकरा मिनिटांत काय ठरलं,
मला अजून माहीत नाही.

मार्चमध्ये ती दुकानात आली,
पायऱ्यांवर टाकायचं मीठ घ्यायला.
सुटे मोजता मोजता म्हणाली,
"वाइनो हल्ली फार लवकर उठतो.
पहाटे सहाला, सतरा घरांत एकदम."

मी पिशवीची गाठ बांधत राहिले.
बांधलेली होती, तरी.

"त्याचा मृत्युलेख मीच लिहिला होता," ती म्हणाली.
"त्यानं तो नव्वद वेळा वाचला."

हसली नाही. रागावलीही नाही.
चाळीस पौंडांची पिशवी खांद्यावर टाकून गेली.
दार तिच्यामागे पुरतं लागलं नाही,
थंडी आत येत राहिली.
दोन वर्षं तिला ठाऊक होतं.
दोन वर्षं तिनं त्याला मरू दिलं नव्हतं.

एप्रिलमध्ये बँकेनं कार्ड रद्द केलं.
सतरा स्वयंपाकघरांत एकच करडी चौकट:
वाइनो, तुमची वर्गणी संपली आहे.
माझा फोन वाजू लागला.
"नवा पासवर्ड काय गं?" ऐली.
"नवा आला का?" न्हावी.
वाइनोबद्दल कोणी काही बोललं नाही.

रात्री गल्ला मोजून झाल्यावर बसले.
सहा डॉलर म्हणजे एक बरा ब्रश,
किंवा ओर्व्होचं दीड गॅलन तेल.
नाव विचारलं, दिलं.
कार्ड विचारलं, दिलं.
पासवर्ड विचारला.

मुस्ती१९५८, टाकला.

सकाळी ओर्व्होला तो सांगायचा की नाही,
ते अजून ठरवलेलं नाही.