दुकान

चंदनवाडीच्या वळणावर आमचं दुकान. पाटी नाही.
पणजा भिकोबा प्लेगात बांबू घेऊन बसला
तो उठलाच नाही.

आमच्यात गिऱ्हाइकाला 'या' म्हणत नाहीत,
आणि गिऱ्हाईकही निघताना 'येतो' म्हणत नाही.
सुटे पैसे राहिले, तर राहिले.

अण्णांना नजरेनंच उंची कळायची;
लग्नात त्यांच्या शेजारी
कुणी फोटोला उभं राहत नसे.

ते गेले तेव्हा तिरडी मी बांधली.
सुतळी चार बोटं कमी पडली.

तेराव्यानंतर आई दुकानात आली.
पदराची गाठ सोडून तिनं
बांबूचे, मडक्याचे, कापडाचे पैसे
मोजून गल्ल्यात टाकले.
'घरचं म्हणून फुकट नको.'

पायरी उतरताना म्हणाली, 'येते रे.'

मी सुतळीचा गुंडा शोधत राहिलो.